चढाचे पैसे

शिमल्यावरची बहुतेक पुस्तकं व्हाइसरॉयपासून सुरू होतात आणि व्हाइसरॉयपाशीच संपतात. मी ते शहर पहिल्यांदा पाहिलं ते एका काश्मिरी हमालाच्या मागे चालत, त्याच्या टाचांवर नजर ठेवून. पुढे त्या शहराबद्दल बरंच वाचलं, वर्गात शिकवलंही. तरी शिमला म्हटलं की मला आधी त्या टाचा दिसतात, इमारती नंतर.

१९८९ चा मे महिना होता. अकोल्यातला मे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत बसणं हाच घरातल्या पोरांचा उद्योग असतो. मी एम.ए.ला इतिहास घेतला होता आणि आमच्या सरांनी सहलीचा घाट घातला होता. आमच्याकडे थंड हवा म्हणजे चिखलदरा, फार तर पचमढी. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवायचं, तसं मुंबई इलाख्याचं महाबळेश्वरला. सर म्हणाले, "पोरांनो, या सगळ्या धाकट्या पात्या. थोरला वाडा शिमल्याला आहे. तो बघितल्याशिवाय इंग्रजांचा उन्हाळा समजायचा नाही."

स्वेटर वर्गात कोणाकडेच नव्हता. कोणी मामाचा आणला, कोणी शेजाऱ्यांचा. एकाने तर आजोबांचा लग्नातला कोट आणला होता आणि तोच पुढे सगळ्यांत कामाचा ठरला. खर्च वाचवायचा म्हणून शिधा बरोबर घेतला: तांदूळ, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, तिखट-मीठ, दोन स्टोव्ह आणि एक मोठं पितळी पातेलं. माझे बाबा बाजार समितीत हमाल. शिध्याचं पोतं त्यांनीच दाभण-सुतळीने शिवलं. शिवताना दोन्ही टोकांना धरायला कान काढले आणि म्हणाले, "कान नसलेलं पोतं हमालाचा जीव घेते."

भुसावळहून दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या कालका मेलने पहाटे कालका. तिथे फलाट ओलांडला की पुढे छोटी गाडी उभी असते, अडीच फुटी रुळांची. कालका समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर आणि शिमला स्टेशन जवळजवळ २,०७५ मीटरवर. हा चढ ती गाडी ९६ किलोमीटरांत चढते. वाटेत आज वापरात असलेले १०२ बोगदे आहेत आणि आठशेहून अधिक पूल. सगळ्यांत लांब बोगदा बडोगचा, ११४३ मीटर. त्याची दोन्ही तोंडं जुळली नाहीत म्हणून इंजिनिअरला एक रुपया दंड झाला आणि त्या नामुष्कीने त्याने स्वतःवर गोळी झाडली, ही गोष्ट गाडीतला चहावालासुद्धा सांगतो. भलकू नावाच्या पहाडी माणसाने काठीने डोंगर ठोकून ठोकून बोगद्याची नवी रेषा दाखवली, हे मात्र तो तेवढ्या रंगवून सांगत नाही. बडोगला आम्ही खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो गारठला. अकोल्याच्या पोरांनी मे महिन्यात हात गारठल्याचा जो आरडाओरडा केला, त्यावर शेजारच्या डब्यातली एक पंजाबी आजी जाम हसली.

शिमला स्टेशनवर उतरलो आणि लक्षात आलं की शहर अजून आलेलंच नाही. ते डोक्यावर आहे. एकावर एक रचलेली घरं, त्यांच्या लाल-हिरव्या पत्र्यांच्या छपरांच्या वर पुन्हा घरं, आणि या सगळ्याच्या वर कुठेतरी तो मॉल, साहेबांचा फिरायचा रस्ता. आमची धर्मशाळा लोअर बाजारात होती, आणि तिथपर्यंत मोटार जात नव्हती. आम्ही पोत्याकडे बघितलं, पोत्याने आमच्याकडे.

तेवढ्यात 'खान' आला. शिमल्यात काश्मिरी हमालाला सगळे खानच म्हणतात, त्याचं नाव काहीही असो. तपकिरी लोकरी अंगरखा, पाठीवर गोणपाटाची घडी आणि कमरेला गुंडाळलेला दोर. आमच्यातल्या घासाघीस करणाऱ्यांनी भाव पाडला, त्याने तो पडू दिला. मग त्याने जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं, कारण लहानपणापासून मी हेच पाहत आलो होतो आणि हे वेगळं होतं. बाबा पोतं घेताना वाकायचे, दोघे उचलून द्यायचे आणि पोतं मानेखाली आडवं बसायचं. एका हातात आकडा. खान सामानाकडे पाठ करून खाली बसला. पोतं, त्यावर ट्रंक, त्यावर पातेलं असं उभं रचून त्याने दोराचा फास मागून घेतला, दोन्ही खांद्यांवरून पुढे आणला आणि टोकं छातीशी मुठीत धरली. गाठ नव्हतीच. मूठ सोडली की ओझं सुटतं, म्हणजे पाय घसरला तर माणूस ओझ्यासकट दरीत जात नाही. मग तो पुढे झुकला आणि दुसऱ्या कोणाचा हात न लागता उभा राहिला. बाबांना उचलून द्यायला दोन माणसं लागत. इथे डोंगरात ती दोन माणसं कुठून आणायची?

आम्ही मोकळ्या हातांनी त्याच्या मागे निघालो आणि पहिल्याच पायऱ्यांवर धापा टाकायला लागलो. तो थांबायचा तो बसायला नव्हे. रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर ओझ्याचं बूड टेकवायचा, तोंडाने शिट्टीसारखा श्वास सोडायचा आणि परत निघायचा. कोणत्या भिंतीची उंची कमरेइतकी आहे, हे त्याला पाठ होतं.

घरी परतल्यावर मी व्हाइसरॉयचा महाल, देवदारांची झाडं, जाखूची माकडं असं सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चढाचे पैसे अलग भेटते का नाई त्यायले?" बाजार समितीत थप्पी उंच गेली की वरच्या थराचा दर वेगळा असतो. त्यांचा प्रश्न सरळ होता. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि मी पुस्तकांत शोधायला लागलो.

गोरखा युद्ध १८१६ मध्ये संपलं आणि हे डोंगर कंपनीच्या हातात आले. १८२२ मध्ये चार्ल्स प्रॅट केनेडी या अधिकाऱ्याने इथे पहिलं पक्कं घर बांधलं. १८२७ मध्ये गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट येऊन राहिले आणि मग ती वहिवाटच पडली. लॉर्ड ऑकलंड १८३७ मध्ये कलकत्त्याहून उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर बारा हजार माणसं, साडेआठशे उंट आणि एकशे चाळीस हत्ती होते, असं त्यांची बहीण एमिली ईडन लिहिते. बाईंची नजर तिखट होती. शिमल्यातल्या एका समारंभाचं वर्णन करताना ती म्हणते की, इथे आम्ही एकशे पाच गोरी माणसं आणि भोवती तीन हजार पहाडी. ते आमची डोकी का उडवत नाहीत, याचंच कधीकधी नवल वाटतं. हे तीन हजार लोक कोण होते, याचा तिला पत्ता होता, कारण तिची पेटी, तिची खुर्ची आणि बरेचदा तिलाही उचलणारे तेच होते.

उंट-हत्ती मैदानात उपयोगाचे. पहाड सुरू झाला की सगळं माणसांच्या पाठीवर यायचं, आणि पहाडी संस्थानांत त्यासाठी एक सोय होतीच: बेगार. राजाचा किंवा साहेबाचा दौरा आला की गावाने ठरलेली माणसं पाठवायची. त्यांनी सामान उचलायचं आणि पुढच्या मुक्कामी पोहोचवायचं. शेतात पेरणी असो की कापणी, त्याची दाद नाही. मजुरी नाममात्र, कित्येकदा तीही नाही. १८५० च्या सुमारास डलहौसींच्या आज्ञेने हिंदुस्तान-तिबेट रस्ता काढायला घेतला. बेगारीचा जाच कमी व्हावा हाही हेतू सांगितला गेला. तो रस्ता फोडायला मजूर पुरवले ते याच संस्थानांनी, म्हणजे बेगार कमी करायचा रस्ता बेगारीवरच. संजौलीच्या पुढचा बोगदा खणायला तर कैदी लावले. आपल्याकडे महाबळेश्वरच्या रस्त्यांवर चिनी कैदी राबले होते, त्याची आठवण इथे होते.

१८६४ पासून व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी शिमल्याला कायमची उन्हाळी राजधानी करून टाकलं. कलकत्त्यात पाच दिवसांत होतं तेवढं काम इथे एका दिवसात होतं, असा त्यांचा हिशेब होता. तो खरा असेलही. पण कलकत्ता शिमल्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर, आणि तिथून दरवर्षी अख्खं सरकार उचलून आणायचं म्हणजे फायली, शिक्के, नकाशे, छापखान्याचं सामान, कारकून, कारकुनांची बिऱ्हाडं आणि साहेबांच्या मडमांचे गाऊन, सगळंच आलं. एप्रिलच्या सुमारास वर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला खाली. दरवर्षी. कालक्याला मोठी रेल्वे आली ती १८९१ मध्ये. त्याआधी ती अंबाल्यालाच थांबायची. तिथून पुढे बैलगाड्या, टांगे आणि खेचरं. कालका ते शिमला हा गाडीरस्ता ५८ मैलांचा. साहेबाचा टांगा वाटेत घोडे बदलत आठ-नऊ तासांत पोहोचायचा. फायलींची बैलगाडी कितीतरी दिवस घ्यायची, आणि पावसात दरड कोसळली की तिथेच बसून राहायची.

आता दोन इमारतींचं सांगतो, कारण त्यांनी मला सगळ्यांत जास्त छळलं. ऑब्झर्व्हेटरी हिलवरचा व्हाइसरॉयचा महाल १८८८ मध्ये पुरा झाला. हेन्री आयर्विन हा वास्तुकार, लॉर्ड डफरिन यजमान. तिथे आता भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. आम्हाला दिवाणखान्यापर्यंत आत सोडलं. तीन मजले उंच जाणारं सागवानी काम पाहून आमच्यातला सुताराचा मुलगा गप्पच झाला. हे सागवान ब्रह्मदेशातून आणलेलं. दुसरी इमारत रेल्वे बोर्डाची, १८९६-९७ ची, बिडाची आणि पोलादाची. आग लागू नये म्हणून लाकूड टाळलेलं. २००१ मध्ये तिला आग लागली, तरी सांगाडा उभा राहिला. ती बांधली मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने. भायखळ्याची ही कंपनी मुंबईकरांना ठाऊक असते.

आणि छोटी रेल्वे सुरू झाली ९ नोव्हेंबर १९०३ ला.

तारखा नीट बघा. ब्रह्मदेशचं सागवान वर गेलं ते गाडी यायच्या पंधरा वर्षं आधी. रेल्वे बोर्डाचे लोखंडी खांब आणि तुळया वर गेल्या त्या सहा-सात वर्षं आधी. पुढे जिथे रेल्वेचे साहेब बसले, ती इमारतच रेल्वेशिवाय वर गेली! गाडीरस्त्याने बैल शहराखालच्या कार्ट रोडपर्यंत आणतील. तिथून डोंगराच्या धारेवर तुळई चढवायची तर ती किती पाठींवर घ्यायची, वळणावर पुढच्याने किती वाकायचं आणि मागच्याने किती उचलायचं, हे कोणत्याही नकाशात लिहिलेलं नसतं. इमारतीबाहेरच्या फलकावर वास्तुकार, ठेकेदार आणि साल असतं. बाबांनी तो फलक पाहिला असता तर चौथी ओळ कुठे आहे म्हणून विचारलं असतं.

माणसं वर नेण्याची तऱ्हाही तीच. आधी झंपान होतं, म्हणजे दांड्यांवरची पडदेवाली खुर्ची, चार झंपानी ती खांद्यावर घेत. १८८० मध्ये पाद्री फोर्डाइस यांनी शिमल्यात हातरिक्षा आणली. तिलाही चारच माणसं: दोन ओढायला, दोन मागून ढकलायला. घोडागाडी शहरात आणायची मुभा फक्त तिघांना: व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर. बाकी कितीही मोठा साहेब असो, रिक्षाच. घोड्यांनी रस्ता अडायला नको आणि धूळ उडायला नको, हे कारण. मेमसाहेब आपापल्या रिक्षावाल्यांना रंगीत गणवेश शिवून घेत. किपलिंगच्या रिक्षावाल्या भुतांच्या गोष्टीतही मेलेल्या बाईची रिक्षा ओढायला चार झंपानी लागतात. ते चौघे हरिद्वारच्या वाटेवर पटकीने मेलेले, आणि तरी नोकरी सुटली नाही. इंग्रजी वाचकांना त्यातली बाई भीतीदायक वाटते. मला त्या चौघांचं वाईट वाटतं.

आणि हेच हमाल संध्याकाळी ओझं घेऊन मॉलवर दिसलेले चालत नसत. फिरायला निघालेल्या साहेबलोकांच्या वेळेत त्यांनी खालच्या वाटांनी जायचं. शिमला आजही दोन पातळ्यांवर आहे, वर मॉल आणि खाली लोअर बाजार, त्यामागे भूगोल आहे तसा हाही हिशेब आहे.

मे १९२१ मध्ये गांधीजी व्हाइसरॉय रीडिंग यांना भेटायला आले. पाचशेव्या मजल्यावर दुकान थाटून बसलेल्या सरकारला गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकू कसं येणार, अशा अर्थाचं त्यांनी नंतर लिहिलं. शिमल्याची यापेक्षा नेमकी टीका मी वाचलेली नाही. त्याच सुमारास कोटगढला सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन माणूस बेगारीविरुद्ध उभा राहिला होता. हा फिलाडेल्फियाचा, १९०४ मध्ये भारतात आलेला, पहाडी मुलीशी लग्न करून तिथलाच झालेला. गावकऱ्यांनी त्याच्या सांगण्यावरून बेगार नाकारली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १९२१ च्या डिसेंबरात त्याला अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. हिमाचलात त्याचं नाव घेतात ते सफरचंदांसाठी, कारण १९१६ मध्ये अमेरिकेतून रोपं आणून त्याने ती लावली. आमच्या सरांनीही सफरचंदांचंच सांगितलं. मला विचाराल तर बेगार मोडली हे त्याचं मोठं काम. चढाचे पैसे मागता येतात, हे पहाडात मोठ्याने सांगणाऱ्यांत तो पहिल्या काहींपैकी.

त्या सहलीत पीटरहॉफची जागाही आम्ही पाहिली. जुनी वास्तू १९८१ च्या आगीत गेली होती. व्हाइसरॉयचा महाल तयार व्हायच्या आधी व्हाइसरॉय तिथे राहत. फाळणीनंतर तिथे पूर्व पंजाबचं उच्च न्यायालय बसायचं आणि १९४९ च्या मे-जूनमध्ये गांधीहत्येच्या खटल्याचं अपील तिथेच चाललं. नथुरामने स्वतःची बाजू स्वतः मांडली. महाराष्ट्रातून आलेली पोरं तिथे थोडा वेळ गप्प उभी राहिली आणि मग कोणीतरी चहाचं काढलं.

रेल्वेने हमाल संपले का? उलट वाढले. गाडी माल आणते, पण स्टेशनवर टाकून देते. पूर्वी बैलगाडीतून येणाऱ्या मालाच्या कितीतरी पट माल आता दिवसाला यायला लागला आणि शेवटचा चढ होता तिथेच राहिला. काश्मीर, कांगडा, सिरमौर, लडाखकडची माणसं हंगामाला येऊ लागली. राजधानी दिल्लीला गेली, साहेब गेले, रिक्षा गेल्या, पंजाबचं सरकार चंदीगढला गेलं, १९७१ मध्ये हिमाचल राज्य झालं. खान राहिले. गॅसची सिलिंडरं, सिमेंटच्या गोण्या, कपाटं, हॉटेलांच्या गाद्या, सगळं अजून त्यांच्याच पाठीवर.

पुढे मीच विद्यार्थ्यांना घेऊन शिमल्याला गेलो तेव्हा लोअर बाजारात एका खानाला गाठून बाबांचा प्रश्न विचारला. चहा सांगितला, म्हणून तो बसला. त्याने बोटांवर मोजून दाखवलं: सिलिंडरचा दर मजल्यावर, सिमेंटचा गोणीवर आणि वाटेतल्या पायऱ्यांवर. म्हणजे चढाचे पैसे वेगळे मिळतात, कोणी घासाघीस केली नाही तर. मग फ्रिज खाली न्यायचा असेल तर स्वस्त पडत असेल, असं मी म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. "उतराई का ज्यादा लगता है, मास्टरजी," गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "ये जाता है." फ्रिज माझ्याकडे नव्हता. तरी त्याने उतारावरचा दर सांगून ठेवला, मॉलपासून कार्ट रोडपर्यंतचा, आणि चहा संपवून दोर घेऊन निघून गेला.